पणजोबा नाहीसे झाले कुठे? : अमेरिकेतल्या काउंटीच्या मृत्युनोंदी आणि कोरोनरची दप्तरं

मागच्या व्याख्यानात आपण जनगणनेचे कागद आणि बोटींच्या प्रवासी याद्या बघितल्या. त्यानंतर बऱ्याच जणांनी एकच गोष्ट विचारली : माणूस बोटीतून उतरलेला सापडतो, जनगणनेत एकदा दिसतो, आणि मग गायब होतो. त्याचं पुढं काय झालं? आज त्याबद्दल बोलू.

सुरुवात एका खऱ्या शोधापासून करतो. आमच्या गटातल्या एका मित्राची सासुरवाडी अमेरिकेतली, मूळची बोहेमियाची, म्हणजे आजच्या चेक देशातली. कुटुंब आयोवा राज्यात सीडर रॅपिड्सला राहायचं. पणजोबा सुतार. ते १८९० च्या दशकात कामासाठी शिकागोला गेले, काही महिने पत्रं आली, पैसे आले, आणि मग काहीच नाही. घरात पुढं तीन पिढ्या एकच गोष्ट सांगितली गेली, की त्यांनी शिकागोत दुसरा संसार थाटला. पणजीनं त्यांचा एकुलता एक फोटोसुद्धा फाडून टाकला म्हणे. मित्राच्या सासूबाईंना वयाच्या ऐंशीव्या वर्षी एवढंच हवं होतं : ते खरं होतं का?

आम्ही पहिली चूक केली ती अशी, की आयोवात शोधत बसलो. घर तिथं, बायकामुलं तिथं, म्हणून तिथल्या काउंटीला अर्ज. चार महिने गेले आणि उत्तर आलं, नोंद नाही. असणार कशी? अमेरिकेत मृत्यूची नोंद माणूस जिथं राहत होता तिथं होत नाही, जिथं मेला तिथं होते. काउंटी म्हणजे ढोबळमानानं आपला जिल्हा समजा. शिकागो शहर जवळजवळ सगळं कुक काउंटीत येतं, पण उपनगरांतला माणूस शेजारच्या ड्यूपेज काउंटीतल्या इस्पितळात गेला आणि तिथं वारला, तर त्याचा कागद ड्यूपेजचा. हे एकदा डोक्यात बसलं की निम्मा वेळ वाचतो.

आणि थडग्याचा दगड म्हणजे मृत्यूची नोंद नव्हे. याचं आपल्या घरचंच उदाहरण आहे. न्यूयॉर्क राज्यातल्या पोकीप्सीच्या दफनभूमीत डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या नावाचा दगड आहे. तो बघून कुणी तिथल्या काउंटीत त्यांच्या मृत्यूचा दाखला मागितला तर काय मिळेल? काहीच नाही, कारण आनंदीबाई १८८७ साली पुण्यात वारल्या. तिकडं त्यांची रक्षा पाठवली गेली. शिवाय अमेरिकेतल्या कागदांत त्यांच्या आडनावाचं स्पेलिंग आज आपण लिहितो तसं नाही, शेवटी दोन ‘ई’ आहेत. स्पेलिंगचा मुद्दा पुढं पुन्हा येणार आहे.

आता कुक काउंटीकडं वळू. आम्हाला तिथलं थोडंफार समजतं, आणि तिथं जे चालतं ते इतरत्रही बऱ्याच अंशी लागू पडतं.

पहिली अडचण आगीची. ऑक्टोबर १८७१ च्या शिकागोच्या आगीत काउंटीचं न्यायालय आणि त्यातले जन्म-मृत्यू-विवाहाचे कागद जळाले. त्यामुळं त्याआधीच्या मृत्यूसाठी चर्च, दफनभूमी, वर्तमानपत्रं यांच्याकडंच जावं लागतं. आगीनंतरच्या नोंदी काउंटी क्लार्कच्या कार्यालयात. कायद्यानं सगळ्या काउंट्यांना नोंदी ठेवायला सांगितलं ते १८७७ मध्ये, आणि राज्यपातळीवरची नोंदणी सुरू झाली १ जानेवारी १९१६ ला. म्हणून इलिनॉय राज्याच्या अभिलेखागारानं दोन वेगळ्या सूची केल्या आहेत, एक १९१६ पूर्वीची आणि एक १९१६ ते १९५० ची. दोन्ही फुकट बघता येतात. मृत्यूला २० वर्षं होऊन गेली असतील, तर वंशावळीच्या कामासाठी प्रत मागता येते.

सूचीत नाव सापडलं म्हणजे काम झालं असं समजू नका. सूची कुणीतरी वाचून केलेली असते, आणि वाचणारा चुकतो. आमच्या पणजोबांचं आडनाव ‘व्ही’ या अक्षरानं सुरू होणारं. शिकागोतल्या कारकुनानं ते कानानं ऐकून ‘डब्ल्यू’नं लिहिलं, आणि शेवटचं अक्षर गाळलं. आम्ही ‘व्ही’खाली दोन आठवडे शोधत होतो. शेवटी नाव सोडून दिलं आणि वय, वर्ष, जन्मस्थान धरून गेलो, तेव्हा एक माणूस समोर आला. जन्म बोहेमिया, वय ३४, धंदा सुतार.

दाखल्याची प्रत आली. त्या काळच्या शिकागोच्या दाखल्यात एक रकाना असायचा, की या राज्यात किती काळ वास्तव्य. तिथं लिहिलं होतं आठ महिने. घरातलं शेवटचं पत्र शिकागोला गेल्यानंतर सातव्या महिन्यातलं होतं! पण आणखी महत्त्वाचं दाखल्याच्या तळाशी होतं. सही डॉक्टरची नव्हती, कोरोनरची होती.

हा कोरोनर कोण? मुंबईच्या जुन्या मंडळींना हा शब्द नवा नाही. ज्या १८७१ साली शिकागो जळलं, त्याच साली आपल्याकडं कोरोनरचा कायदा झाला, आणि मुंबईत हे पद १९९९ पर्यंत होतं. बाकी महाराष्ट्रात पोलिस ‘अकस्मात मृत्यू’ अशी नोंद करतात आणि पंचनामा होतो, साधारण तेच काम. अपघात, खून, आत्महत्या, बुडून मृत्यू, किंवा डॉक्टर जवळ नसताना अचानक आलेलं मरण, अशा वेळी कोरोनर ज्युरी बसवायचा, साक्षी घ्यायचा आणि निष्कर्ष लिहायचा. कुक काउंटीत १९७६ मध्ये हे पद जाऊन मेडिकल एक्झामिनर आला. न्यूयॉर्क शहरात तो बदल १९१८ लाच झाला. काही राज्यांत मात्र कोरोनर अजून मतदानानं निवडून येतो, डॉक्टर असायलाच हवा असंही सगळीकडं नाही.

म्हणून दाखल्यावर कोरोनरची सही दिसली की थांबायचं नाही, चौकशीचा कागद शोधायचा. कुक काउंटीच्या १८७२ ते १९११ या काळातल्या कोरोनरच्या चौकशांची सूची राज्य अभिलेखागारानं केली आहे, ७४ हजारांच्या आसपास नोंदी आहेत. मूळ खंड शिकागोतल्या नॉर्थईस्टर्न इलिनॉय विद्यापीठात, राज्याच्या विभागीय अभिलेखागाराच्या शाखेत ठेवले आहेत. सूचीत खंड आणि पान यांचे आकडे मिळतात. विनंती करताना ते आकडे लिहा, नुसतं नाव लिहून पाठवू नका. १९११ नंतरच्यासाठी मेडिकल एक्झामिनरच्या कार्यालयात विचारणा करावी. प्रकरण खुनाचं असेल तर शिकागो पोलिसांच्या १८७० ते १९३० च्या खुनांच्या नोंदवहीचीही वेगळी सूची आहे, आणि नॉर्थवेस्टर्न विद्यापीठानं त्यातली ११ हजारांवर प्रकरणं सगळ्यांना बघायला खुली केली आहेत.

मिसूरी राज्याची पद्धत आम्हाला सगळ्यांत आवडते. १९१० पासूनचे, ५० वर्षं उलटलेले मृत्यूचे दाखले, चित्रासकट, घरबसल्या आणि फुकट. कोरोनरच्या चौकशांची सूचीही तिथंच. फक्त सेंट लुई शहर आणि सेंट लुई काउंटी हे १८७० च्या दशकापासून वेगळे आहेत, हे विसरलात तर आमच्यासारखेच चार महिने जातील.

या कागदांकडून किती अपेक्षा ठेवायची, तेही सांगतो. २४ जुलै १९१५ ला शिकागो नदीत धक्क्यालाच बांधलेली ‘ईस्टलंड’ नावाची बोट कलंडली. वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीचे कामगार कुटुंबांसह सहलीला निघाले होते, ८४४ माणसं गेली. मृतदेह लष्करी कवायतीच्या एका इमारतीत ओळीनं ठेवले, प्रत्येकाला क्रमांक. त्यात ३९६ क्रमांकाचा सात वर्षांचा मुलगा होता. दिवसामागून दिवस गेले, त्याला ओळखायला कुणी येईना, कारण त्याचे आईवडील आणि बहीणही त्याच बोटीत गेले होते. शेवटी आजीनं त्याच्या नव्या कपड्यांच्या जोडातली दुसरी पँट आणली, ती जुळली. आता विचार करा, ती आजी नसती तर सूचीत काय राहिलं असतं? एक आकडा. कोरोनरच्या सूचीत ‘अनोळखी पुरुष’, ‘अनोळखी मूल’ अशा नोंदी भेटतात. नाव सापडत नसेल तर तारीख धरून त्याही वाचा.

आमच्या पणजोबांच्या चौकशीचं पान अर्धंच भरलेलं होतं. रेल्वे ओलांडताना गाडीखाली सापडले, निष्कर्ष अपघात. रुळ तेव्हा शिकागोच्या रस्त्यांच्या पातळीवरच होते आणि अशी मरणं इतकी नेहमीची, की शहराला पुढं रुळ उंचावर न्यावे लागले. पत्ता एका खाणावळीचा. नातेवाईक या जागी कारकुनानं रेघ मारली होती. म्हणजे सीडर रॅपिड्सला कुणी कळवलंच नाही.

हे तेच पणजोबा, असं शंभर टक्के सिद्ध झालं का? नाही. वय, धंदा, जन्मस्थान, राज्यातलं वास्तव्य, चार गोष्टी जुळतात, नाव अर्धं जुळतं. त्या महिन्यातली शिकागोची चेक वर्तमानपत्रं आणि खाणावळीच्या जवळच्या चर्चची दफन-नोंद बघणं बाकी आहे. आम्ही सासूबाईंना तसंच सांगितलं. त्यांनी पानाची प्रत दोनदा वाचली, आणि ‘रेघ’ कुठं आहे ते बोटानं दाखवायला लावलं.

शेवटी, सभागृहातून चिठ्ठी आली आहे : निष्कर्ष आत्महत्या निघाला तर घरी सांगावं का? आमचा अनुभव असा, की आधी विचारावं, त्यांना कितपत जाणून घ्यायचं आहे. आणि ज्युरीचा निष्कर्ष वेगळा, साक्षी वेगळ्या. साक्षी उपलब्ध असतील तर त्या आधी वाचाव्यात. काही ठिकाणी फक्त निष्कर्षाचं पान उरलेलं असतं. पुढच्या वेळी दफनभूमीच्या नोंदवह्या घेऊ.