लिलीची फुलं सुकल्यावर कुंडीचं काय करायचं? (घरात मांजर असेल तर आधी हे वाचा)



मागच्या वर्षी ३ जानेवारीला, सावित्रीबाई फुले जयंतीला, पालकांनी मला लिलीची कुंडी भेट दिली. मोठी गुलाबी फुलं, वर्गभर वास. पंधरा दिवसांत फुलं सुकली. फेकायचं जिवावर आलं, म्हणून चौथीतल्या एका मुलीला म्हटलं, "घरी ने, पाणी घाल." तिच्या घरी मांजर आहे हे मला माहीत होतं. लिलीचं मात्र माहीत नव्हतं.

आठवड्याभरात तिची मनी उलट्या करू लागली. घरच्यांना वाटलं, शिळंपाकं खाल्लं असेल. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे नेलं तर त्यांनी आधी विचारलं, "घरात लिली आहे का?" कुंडीतल्या पानांची टोकं कुरतडलेली होती. मूत्रपिंडं निकामी झाली होती. मनी वाचली नाही. मुलगी दोन दिवस शाळेत आली नाही आणि तिला काय सांगावं ते मला सुचलं नाही.

फुलं गेली म्हणजे धोका गेला, असं आपल्याला वाटतं. खऱ्या लिलीचं पान, देठ, कंद, फूल, परागकण, फुलदाणीतलं पाणीसुद्धा मांजराला विषारी असतं. अंगावर पडलेले परागकण चाटले तरी पुरे. नेमकं कोणतं विष आहे ते शास्त्रज्ञांना अजून सापडलेलं नाही. कुत्र्याला या लिलीने पोट बिघडण्यापलीकडे सहसा काही होत नाही. मूत्रपिंडाचा घात मांजराचाच होतो.

आता नावाचा घोळ. आपल्याकडे कशालाही लिली म्हणतात. खरी लिली ओळखायची तर उभा सरळ दांडा, त्याला खालून वरपर्यंत पानं, सहा पाकळ्या आणि मध्ये तांबूस भुकटीचे मोठे पुंकेसर. डे लिलीची पानं जमिनीतून गवतासारखी येतात, पण मांजराला तीही तितकीच घातक. पीस लिलीने तोंडाची आग होते, लाळ गळते, मूत्रपिंडाला धक्का नसतो. पावसाळ्यात उगवणारी रेन लिली खाल्ली तर उलट्या होतात. कॅना लिली म्हणजे आपली कर्दळ, ती मांजराला सुरक्षित. आणि कुंपणावर चढणारी कळलावी, म्हणजेच खड्यानाग, तिला इंग्रजीत लिली म्हणतात पण ती वेगळ्या कुळातली. तिच्यात कोल्चिसिन असतं, कंदात विशेष. ती माणसालाही जीवघेणी आहे, म्हणून परिसर भेटीला जाताना मुलांना ती लांबूनच दाखवा.

ज्यांच्या घरी मांजर नाही, त्यांनी कुंडी जरूर जपावी. सुकलेलं फूल तेवढं खुडा, दांडा आणि पानं राहू द्या. पुढच्या वर्षीचं अन्न हीच हिरवी पानं कंदात साठवतात. (मांजर कुरतडतं तीही हीच पानं, म्हणून तर फुलं गेल्यावरही कुंडी मांजराच्या घरात नको.) सकाळचं ऊन, दुपारी सावली. आपल्याकडचा एप्रिल-मेचा उन्हाळा तिला झेपत नाही. पानं आपोआप पिवळी पडली की पाणी कमी करून कंद काढा. या कंदाला कांद्यासारखं कोरडं साल नसतं, नुसत्या खवल्या असतात, त्यामुळे तो उघड्यावर वाळवू नका. किंचित ओलसर कोकोपीटमध्ये, भोकं पाडलेल्या पिशवीत, फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात ठेवा. त्याला किमान दोनेक महिने थंडी लागते आणि ती आपल्या हवेत मिळत नाही. पिशवीवर नाव लिहा हं, नाहीतर कुणीतरी लसूण समजून सोलायला घेईल! ऑक्टोबर संपता संपता खोल कुंडीत लावा.

अर्धापूर म्हणजे केळीचं गाव, घरात पिकायला ठेवलेला घड असतोच. पिकणाऱ्या फळातून इथिलीन वायू निघतो आणि कंदातला फुलाचा कोंब त्याने बिघडतो. म्हणून कंद केळी-सफरचंदांपासून लांब ठेवा.

मांजराने लिली खाल्ल्याची नुसती शंका आली तरी थांबू नका. सुरुवातीला उलटी, लाळ, मलूलपणा दिसतो. मध्येच बरं वाटल्यासारखं होतं आणि आपण फसतो. एक ते तीन दिवसांत मूत्रपिंडं बंद पडतात. यावर उतारा नाही. पण साधारण १८ तासांच्या आत सलाईन सुरू झालं तर वाचण्याची शक्यता चांगली असते. अंगावरचे परागकण ओल्या कापडाने पुसा, मिठाचं पाणी किंवा दूध पाजून उलटी काढायला जाऊ नका. झाडाचा फोटो किंवा एक पान पिशवीत घालून सोबत न्या. आधी तालुक्याचा पशुवैद्यकीय दवाखाना गाठा. मोठ्या उपचारासाठी परभणी आणि उदगीर इथे पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत, तिथे निघण्याआधी फोन करून मांजरासाठी सलाईनची सोय आहे का ते विचारून घ्या.

आमच्या शाळेत आता कुंडी भेट आली की मी आधी वर्गात विचारते, "कुणाकुणाच्या घरी मांजर आहे?" निम्मे हात वर येतात. लिली असेल तर ती कुंडी ऑफिसातच राहते. त्या मुलीला मी कर्दळीचा गड्डा दिला, तिने तो हौदाजवळ लावलाय.