आज्ञावलीचे प्रस्थान

गेल्या दिवाळीत भाचा घरी आला असता फराळाची बशी मांडीवर घेऊनच त्याने संगणकाची एक कळ दाबली आणि म्हणाला, “मामा, गेलं वर!” आमच्या मंडळाच्या ग्रंथालयाची यादी सभासदांना घरबसल्या पाहता यावी म्हणून त्याने एक लहानशी आज्ञावली रचली होती, ती ‘क्लाउड’मध्ये दाखल झाली, असे चौकशीअंती कळले.

मेघ म्हटला की आपल्याला कालिदासाचा यक्ष आठवायचाच. परंतु हा मेघ जमिनीवरच असतो. थंड राखलेल्या दालनांतून ओळीने मांडलेले संगणक भाड्याने मिळतात, एवढाच त्याचा अर्थ. ॲमेझॉनने हा व्यवसाय २००६ साली आरंभिला; भारतात त्यांची केंद्रे २०१६ मध्ये मुंबईत आणि २०२२ मध्ये आपल्या हैदराबादेत सुरू झाली.

आज्ञावलीचे माहेर म्हणजे कोडची ‘रिपॉझिटरी’. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये ‘गिट’ ही व्यवस्था निर्माण केली. तीत प्रत्येक फेरफार कोणी, केव्हा व कशासाठी केला हे नोंदले जाते. जुन्या पेढीवरची रोजकीर्दच म्हणा ना. चूक झाली तर खाडाखोड न करता खाली दुरुस्तीची नवी नोंद घालावयाची. या नोंदवहीतूनच थेट प्रस्थान ठेवण्याची रीत रूढ करण्यात २००७ साली स्थापन झालेल्या ‘हेरोकू’ या अमेरिकन कंपनीचा वाटा मोठा. एका आज्ञेसरशी आज्ञावली तिकडे पोहोचते. तेथील यंत्रणा तिची भाषा ओळखते, सोबतच्या यादीबरहुकूम साहित्य मागविते आणि सारे जुळवून तिला कामाला लावते. अलीकडे नोंद पडताच चाचण्याही आपोआप होतात. त्यांत उत्तीर्ण झाल्यावाचून आज्ञावलीला पुढे जाऊ न देण्याची सोय असते.

हे काम माणसाच्या हातून काढून घेण्याचा एवढा अट्टाहास कशासाठी, असे मला वाटले होते. भाच्याने ‘नाइट कॅपिटल’ची हकिकत सांगितली. शेअरबाजारात दलाली करणारी ही बडी अमेरिकन कंपनी. २०१२ च्या जुलै महिन्याच्या अखेरीस तिच्या आठ संगणकांवर नवी आज्ञावली बसवावयाची होती. तंत्रज्ञाने ती सात ठिकाणी बसविली; आठवा राहून गेला. दुसऱ्या कोणी ताळा पाहावा असा नियमच नव्हता. त्यातून २००३ पासून वापरात नसलेला एक जुना भाग तेथे तसाच पडून होता, आणि त्याला जागविणारी खूणच नव्या कामासाठी पुन्हा योजलेली. १ ऑगस्टला बाजार उघडताच आठव्या संगणकावर ते भूत उठले आणि बेसुमार खरेदीविक्री करीत सुटले. बाजार उघडण्यापूर्वी यंत्रानेच या बिघाडाचा उल्लेख असलेले ९७ संदेश कर्मचाऱ्यांना धाडले होते; कोणी मनावर घेतले नाही. पुढे घाबऱ्या घाबऱ्या सात निर्दोष संगणकांवरील नवी आज्ञावली काढण्यात आली, तेव्हा दुखणे अधिकच बळावले. सुमारे ४५ मिनिटांचा खेळ, आणि नुकसान ४६ कोटी डॉलरांहून अधिक! पुढल्याच वर्षी ती कंपनी दुसऱ्या कंपनीत विलीन झाली.

आमच्या मंडळापाशी बुडविण्याजोगे डॉलर नाहीत. तरी फटका बसलाच. पुस्तकांच्या यादीसोबत जुनी छायाचित्रे चढविण्याची सोय भाच्याने ठेवली होती. सभासदांनी उत्साहाने सुमारे चाळीस चढविली. आठवड्याने यादीतली एक शुद्धलेखनाची चूक दुरुस्त करून आज्ञावली पुन्हा रवाना झाली, आणि छायाचित्रांच्या जागी नुसत्या रिकाम्या चौकटी! कारण असे की, प्रत्येक प्रस्थानाला तेथे कोरे घर मिळते. माहेरून जे आले तेवढेच त्यात असते. मधल्या काळात तिथल्या तिथे साठविलेले जुन्या घराबरोबर जाते. साठवणीची खोली निराळी घ्यावी लागते, ती भाच्याने घेतली नव्हती. त्याचा चेहरा पाहवेना.

बहुतेक चित्रांच्या मूळ प्रती ज्याच्या त्याच्या कपाटात होत्या. एकाची मात्र नव्हती. आमच्या पहिल्या गणेशोत्सवाचे ते चित्र एका वयोवृद्ध आजींनी खास पुण्याहून मागवून आणले होते आणि लगेच परतही धाडले होते. भाच्याने साठवणीची खोली घेतली, तिची दोनदा परीक्षा पाहिली आणि मग स्वतः आजींकडे गेला. त्यांनी त्याला चहा पाजला आणि पुण्याला दुसरे पत्र लिहावयास घेतले.