शिवाराचा उतार, ठोकळ्यांच्या थरांत

जालना शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ५०० मीटर उंचीवर आहे, तर जिल्ह्याच्या दक्षिण सीमेवरचा गोदाकाठ सुमारे ४०० मीटरवर. एसटीने अंबडकडे जाताना हा उतार जाणवतही नाही. पाणी मात्र तो बरोबर ओळखतं. लेगोसारख्या ठोकळ्यांचा नकाशा केला की तो माणसाच्याही हाताला लागतो.

या ठोकळ्यांचं माप ठरलेलं असतं. दोन खुंट्यांत ८ मिलिमीटर अंतर, चपट्या ठोकळ्याची जाडी ३.२ मिलिमीटर. एक खुंटी म्हणजे एक किलोमीटर धरला, तर एक थर ४०० मीटरचा होतो आणि जालना ते गोदावरी हा सगळा उतार पाव थरात संपतो! म्हणून उंची मुद्दाम वाढवावी लागते. थर २० मीटरचा धरला की तोच उतार पाच पायऱ्यांत दिसतो आणि प्रत्येक पायरीची कड म्हणजे भूगोलाच्या पुस्तकातली समोच्च रेषा. उंची वीसपट केली आहे, हे नकाशावर लिहायलाच हवं.

पण खरा उपयोग गावाच्या नकाशाचा. त्यासाठी लागणारी उंचीची माहिती तयारच आहे. फेब्रुवारी २००० मध्ये 'एंडेव्हर' अंतराळयानाने अकरा दिवसांत रडारने पृथ्वीवरच्या बहुतेक जमिनीची उंची मोजली. तीस-तीस मीटरच्या चौकटींची ती माहिती मोफत मिळते. एका चौकटीला एक खुंटी दिली, तर ४८ बाय ४८ खुंट्यांच्या चार पाट्यांवर जवळपास तीन बाय तीन किलोमीटरचं शिवार बसतं. थर चार मीटरचा ठेवला तर उंची फक्त तिप्पट होते.

जालना तालुक्यातल्या कडवंची गावाने पाणलोटाचं काम करून शेततळ्यांवर द्राक्षबागा उभ्या केल्या. 'माथा ते पायथा' हे तिथलं सूत्र अशा नकाशावर शाळकरी पोरालाही कळेल: वरच्या थरावर समतल चर, खालच्या थरांवर बांध, घळीत नालाबांध.

या नकाशाला मर्यादाही आहेत. रडारला झाडांचे शेंडेही जमीनच वाटतात, बांध तर दिसतच नाहीत. चार-पाच मीटरची चूक सहज होते. त्यामुळे चर खोदताना समान उंचीची रेषा आखायचं साधन, म्हणजे हायड्रोमार्कर, घेऊन शिवारात उतरावंच लागतं.

ठोकळे महाग पडतात. खोक्याचा तीन मिलिमीटर जाडीचा पुठ्ठा कापून थर रचले तरी काम भागतं. जिल्हा परिषदेच्या शाळांनी या उन्हाळ्यात आपल्या गावाचा असा एक नकाशा करावा आणि पावसाळ्याआधीच्या ग्रामसभेत मांडावा.