पन्हाळ्याचा अंबरखाना आणि जिंजीची कोठारे

टोकियोने १९५८ साली उभारलेला मनोरा पॅरिसच्या आयफेल टॉवरची आठवण करून देतो; छत्रपती संभाजीनगरचा बीबी का मकबरा ताजमहालाच्या धर्तीवर बांधला गेला. ही साम्ये अनुकरणातून आली. पन्हाळ्याचा अंबरखाना आणि तामिळनाडूतील जिंजी किल्ल्याची कोठारे यांच्यातील साम्याचे कारण मात्र गरजेत शोधावे लागते.

अंबरखान्यात गंगा, यमुना आणि सरस्वती अशी कोठारे आहेत. त्यांपैकी गंगा कोठीच्या छतावर बाहेरील जिन्याने चढता येते. छतातील झरोक्यांतून धान्य आत ओतले जाई. जिंजीत राजगिरीच्या पायथ्याशी अशाच जाड भिंतींची, कमानदार छतांची कोठारे दिसतात. वेढा पडल्यास शिबंदीला पुरेल इतके धान्य सुरक्षित राखणे, हाच दोन्हींचा हेतू. तट कितीही बुलंद असला, तरी कोठार रिते झाले की गड फार काळ तग धरीत नसे.

१६६० मध्ये सिद्दी जौहरच्या वेढ्यात शिवाजी महाराज पन्हाळ्यावर सुमारे चार महिने अडकले होते. १६८९ मध्ये राजाराम महाराज पन्हाळ्यावरूनच जिंजीस गेले आणि १६९० मध्ये वेढलेली जिंजी मोगलांच्या हाती पडण्यास १६९८ साल उजाडले.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने जागतिक वारशात समाविष्ट केलेल्या १२ किल्ल्यांत हे दोन्ही आहेत. तीन दरवाजा पाहून परतणाऱ्या पर्यटकाने अंबरखान्याच्या छतातील झरोकेही अवश्य पाहावेत. गडाच्या बळाचा तोही एक पुरावा आहे.