किडा जिवंत आहे म्हणजे तो बिनविषारी नव्हे

जुलै लागला की वाशिम जिल्ह्याचं शिवार सोयाबीनने भरून जातं. मागोमाग चक्रीभुंगा, खोडमाशी, उंटअळी येते आणि फवारणीचे पंप पाठीवर चढतात. सोयाबीन निघालं तरी तुरीवरची शेंगा पोखरणारी अळी असतेच. घरच्या काचेच्या टाकीतल्या माशांना जिवंत किडे घालायची हौस असेल, तर आधी या फवारणीचा विचार करा. सगळ्यात घातक गैरसमज तिथेच आहे: नाकतोडा चांगला उड्या मारतोय, मग त्याच्यात विष कुठून असणार?

फवारलेल्या पिकावरचा प्रत्येक किडा मरत नाही. कुणाच्या अंगावर औषध कमी पडतं, कुणात त्याला तोंड देण्याची ताकद आलेली असते. असा किडा दोन-चार दिवस अंगात विष घेऊन हिंडतो. मासे मात्र या बाबतीत फार नाजूक. सायपरमेथ्रिन, लॅम्बडा-सायहॅलोथ्रिन या गटातली औषधं माणसाच्या शरीरात बऱ्यापैकी लवकर निकामी होतात. माशाला ते जमत नाही. लिटरभर पाण्यात सायपरमेथ्रिनचे काही मायक्रोग्रॅम गेले तरी अनेक जातींचे मासे दगावतात.

‘धुऊन घातला की झालं’ हेही खरं नाही. थायामेथोक्झाम, इमिडाक्लोप्रिड ही औषधं झाडाच्या रसात भिनतात आणि तो रस किड्याच्या पोटात जातो. वरून पाणी ओतून पोटातलं विष निघत नाही. म्हणून खरिपाची फवारणी सुरू झाल्यापासून तुरीची फवारणी संपेपर्यंत शेतातला, बांधावरचा किंवा दिव्याखाली जमणारा किडा टाकीत नकोच. तूर-मुगाच्या फुलांवर बसणारे लाल-काळ्या पट्ट्यांचे भुंगे तर कधीच नकोत. त्यांचा रस अंगाला लागला तर माणसाला फोड येतात. डब्यातल्या गहू-डाळीतल्या अळ्याही टाळा, कारण धान्याला बोरिक पावडर किंवा कीडनाशक लावलेलं असू शकतं.

पहिल्या पावसानंतर दिव्याभोवती येणारी पंखवाली उधई त्या मानाने बरी. ती मातीतून निघते, आणि तेव्हा खरिपाची फवारणी सुरू व्हायची असते. घराला उधईचं औषध मारलेलं नसेल, तर पंख काढून थोडी द्यायला हरकत नाही. तिच्यात चरबी भरपूर, त्यामुळे एक-दोन दिवसच.

आता डासांच्या अळ्यांकडे वळू. ‘या अळ्या खाल्ल्या की माशांना डेंग्यू होतो’ असं सर्रास बोललं जातं. डेंग्यूचा विषाणू डास आणि माणसांमध्ये फिरतो, माशांना तो होत नाही. उलट डास आटोक्यात ठेवायला आरोग्य विभागच गप्पी मासे सोडतो. धोका आहे तो माणसांना, अळ्यांसाठी बादली भरून ठेवली आणि विसरलो तर. आपल्याकडच्या उन्हाळी-पावसाळी हवेत अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. म्हणून माझं स्पष्ट मत आहे: माशांसाठी मुद्दाम डास वाढवू नयेत. आठवड्याच्या कोरड्या दिवशी रांजण, कुंडीखालची ताटली रिकामी करायचीच असते, तेव्हा त्यातल्या अळ्या घ्याव्यात.

भांड्यावर हाताची सावली पडली की पृष्ठभागाला लटकलेल्या अळ्या वळवळत तळाशी जातात. मिनिटभर थांबा. श्वास घ्यायला त्या वर येतात, तेव्हा बारीक गाळणीने उचला. त्यांच्यात स्वल्पविरामासारखे वाकलेले जीव दिसतील, ते कोष. त्यांतून एक-दोन दिवसांत डास उडतो, म्हणून कोष आधी बाजूला काढून नष्ट करा. अळ्या स्वच्छ पाण्यात दोनदा खंगाळा आणि मासे पाच मिनिटांत संपवतील एवढ्याच टाका. उरलेलं पाणी गटारात न ओतता कोरड्या मातीवर ओता आणि भांडं आतून घासा, कारण डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाची अंडी कडेला चिकटून कोरड्यातही महिनोन्‌महिने तग धरतात. ज्या पाण्यात आरोग्य कर्मचाऱ्यांनी अळ्या मारायचं औषध अ‍ॅबेट टाकलंय, त्यातलं काही घेऊ नका.

‘तळ्यातलं खाद्य नैसर्गिक, म्हणून उत्तम’ हा समजही तपासायला हवा. ज्या पाण्यात मासे आहेत, त्यात माशांचे परजीवीही असतात. चतुराची पिल्लं तर पाण्यात शिकारी असतात, टाकीतल्या लहान माशांनाच धरून खातात. दुकानातले ट्यूबिफेक्स हे किडे नव्हेत, गांडुळाच्या कुळातले कृमी आहेत. ते घाण पाण्याच्या गाळात वाढतात. मी ते घेणार नाही. लाल ब्लडवर्म मात्र खरोखर कीटकाच्या अळ्या. त्यांचा लाल रंग त्यांच्या स्वतःच्या हिमोग्लोबिनचा, कुणाचं रक्त प्यायल्याचा नव्हे. काहींना त्यांची अ‍ॅलर्जी होते, म्हणून हात धुवावेत.

सगळ्याच माशांना किडे मानवत नाहीत. फायटर, एंजल, ऑस्कर ते आवडीने खातात. गोल्डफिशला जठरच नसतं. त्याला वनस्पतीचा अंशही लागतो, रोज किडे घातले तर पोट बिघडतं. शिवाय उरलेला किडा कुजला की अमोनिया होतो. वाशिमच्या मे महिन्यात तापलेल्या पाण्यात प्राणवायू आधीच कमी विरघळतो, तेव्हा अमोनिया आणखी लवकर बाधतो.

आणि एक गोष्ट हमखास नजरेआड होते. टाकीचा एअर पंप खोलीतली हवा ओढून पाण्यात सोडतो. झुरळांचा स्प्रे मारला किंवा डासांचं लिक्विड टाकीजवळ लावलं, तर ते औषध बुडबुड्यांतून थेट पाण्यात जातं. फवारणीच्या वेळी पंप बंद करून टाकी झाका, खोलीत वारा खेळू द्या, मगच पंप सुरू करा. त्या खोलीत मेलेलं झुरळही माशांना घालू नका.