मांडवाचा सण

भाद्रपद सरून आश्विन लागला, की टिटवाळ्याच्या आसपास काळू नदीच्या काठची हळवी भाते पिवळी पडू लागतात. नवा दाणा घरी येण्याच्या याच सुमारास ठाणे जिल्ह्यातील व रायगड किनाऱ्यावरील बेने इस्रायल लोकांचे सण येतात.

बेने इस्रायल म्हणजे मराठी बोलणारे यहुदी. त्यांचे पूर्वज गलबत फुटून अलिबागजवळील नवगावच्या किनाऱ्यास लागले. सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या आणि धर्मग्रंथ समुद्रात बुडाले, अशी त्यांची परंपरा आहे. पुढे ते तेलाचे घाणे चालवू लागले. शनिवारी ते घाणा बंद ठेवीत, म्हणून लोक त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत.

ग्रंथ गेले, तरी सण गेले नाहीत. यहुदी वर्षाच्या तिश्री महिन्यात चौथ्या दिवशी नव्या धान्याची खीर नारळाच्या रसात शिजवीत, ऊद जाळीत आणि ‘शेमा’ ही प्रार्थना म्हणत. यास ते ‘खिरीचा सण’ म्हणत.

तिश्रीच्या पंधराव्या दिवशी, म्हणजे पौर्णिमेच्या सुमारास, सुक्कोथ हा मांडवांचा सण सुरू होतो. तो सात दिवस चालतो. अंगणात मांडव उभारून त्यावर झावळ्या व डहाळ्या पसरतात. छप्पर इतके विरळ असावे, की त्यातून चांदण्या दिसाव्यात. या मांडवात कुटुंबे एकत्र जेवतात. महाळुंगासारखे एक फळ, खजुरीचा कोंब, मेंदीसारख्या सुगंधी झुडपाच्या डहाळ्या व वाळुंजाच्या फांद्या हाती घेऊन ते देवाचे आभार मानतात.

कोठारे धान्याने भरलेली असताना माणसाने झोपडीत का बसावे? इजिप्तच्या गुलामगिरीतून सुटलेले त्यांचे पूर्वज चाळीस वर्षे रानावनात तंबूंत व झोपड्यांत राहिले. समृद्धीच्या दिवसांतही ते कष्ट विसरू नयेत, घरादाराचा गर्व वाहू नये, हा या सणाचा अर्थ आहे.

ठाण्यास १८७९ साली ‘शार हाशामायिम’ हे प्रार्थनामंदिर बांधले गेले. १९४८ नंतर अनेक कुटुंबे इस्रायलला गेली. आज येथे थोडीच उरली आहेत. तथापि पेणकर, रोहेकर अशी कोकणातील गावांची नावे त्यांनी तिकडेही जपली आहेत. शेतात राबून पिकविलेल्या दाण्याबद्दल कृतज्ञ असणे, हे नवान्न शिजविणाऱ्या प्रत्येक घराचे व्रत आहे; मग ते घर मातीचे असो वा झावळ्यांच्या मांडवाचे.