जामीन मंजूर, सुटका बाकी

सकाळी ६:३०
आज भोगी. बाजरीच्या भाकरीवर तीळ थापता थापता नजर भिंतीवरच्या कॅलेंडरकडे जाते. १४ नोव्हेंबरच्या चौकटीत पेन्सिलीने ‘१’ लिहिलाय, कालच्या चौकटीत ‘६०’. बीडच्या लोकअभिरक्षक कार्यालयात मी आरोपींची वकील आहे. ज्यांना वकील लावणं परवडत नाही, त्यांचे खटले आम्ही मोफत चालवतो. विहिरीवरची मोटार चोरल्याच्या आरोपावरून एक मजूर आत आहे. अशा गुन्ह्यात ६० दिवसांत दोषारोपपत्र आलं नाही, तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८७ नुसार जामीन हा आरोपीचा हक्क होतो. फाशी, जन्मठेप किंवा १० वर्षं वा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात ही मुदत ९० दिवसांची. दिवस मोजायचे ते पहिल्या रिमांडपासून, तो दिवस धरून. आज ६१ वा.

१०:३०
अर्ज आधी की दोषारोपपत्र आधी, यावर सगळा खेळ. दोषारोपपत्र आधी पोचलं की हा हक्क संपला. लिपिकाच्या टेबलावर अर्ज देते आणि शिक्क्याखाली वेळ लिहून घेते : १०:४०. दोषारोपपत्र अजून आलेलं नाही.

११:३०
दुसरं प्रकरण. पोरगा बावीस वर्षांचा. जामीन ४ डिसेंबरलाच मंजूर झालाय : २५ हजारांचा जातमुचलका आणि तेवढ्याच रकमेचा एक जामीनदार. चाळीस दिवस उलटले, तो अजून आतच. धारूर तालुक्यातून आलेली त्याची आई व्हरांड्यात प्लॅस्टिकची पिशवी कवटाळून बसलीय. पिशवीत रेशनकार्ड, आधार आणि भावकीतल्या एकाचा सातबारा. त्या सातबाऱ्यावर सोसायटीचा बोजा आहे, म्हणून तो चालला नाही.

“मावशी, दुसरं कुणी जामीन राहील का?”

“कोण ऱ्हाईल ताई? समदे तोडीला गेलेत. गावात म्हातारी आन् लेकरं.”

दिवाळी झाली की बीडमधली गावंच्या गावं कोयता घेऊन ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात. ज्यांच्या नावावर जमिनीचा तुकडा आहे, तेही जातात. मग जामीनदार आणायचा कुठून?

मी न्यायालयापुढे सर्वोच्च न्यायालयाचे ३१ जानेवारी २०२३ चे निर्देश ठेवते : जामीन मंजूर होऊन महिन्याभरात पूर्तता झाली नाही, तर अट शिथिल करायची का, याचा विचार न्यायालय स्वतःहून करू शकतं. १९७८ च्या मोतीराम प्रकरणाचीही आठवण करून देते. मध्य प्रदेशातल्या त्या गवंड्याला १० हजारांचा जामीन सांगितला होता आणि भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून तो जामीनदार नाकारला होता. न्या. कृष्ण अय्यर यांनी ते चुकीचं ठरवलं.

सरकारी वकील म्हणतात, “सुटला की हाही तोडीला जाईल, मग तारखेला आणायचा कुठून?” शंका खोटी नाही. मी मुकादमाचं नाव, कारखाना, फोन नंबर लिहून देते. आदेश होतो : तूर्त जातमुचलक्यावर सोडावं, पट्टा पडल्यावर, म्हणजे तोडीचा हंगाम संपल्यावर जामीनदार द्यावा.

दुपारी २:००
डबा उघडते. बाररूममध्ये आजही विषय मस्साजोगचाच. ९ डिसेंबर २०२४ ला सरपंच संतोष देशमुख यांची हत्या झाली, आरोपींना मकोका लागला. त्या कायद्यात आरोपी दोषी नसावा आणि सुटल्यावर गुन्हा करणार नाही, असं मानायला वाजवी कारण दिसल्याशिवाय जामीन मिळत नाही. ते योग्यच आहे. जिथे साक्षीदार जीव मुठीत धरून असतात, तिथे न्यायालयाने हात आखडायलाच हवा. पण मोटारचोरीच्या आरोपीवर तोच कडकपणा केवळ गरिबीमुळे यावा, हे मला मान्य नाही.

३:३०
६१ व्या दिवसाचा अर्ज मंजूर. या मजुराचा चुलता एसटीत आहे. पगाराचा दाखला, ओळखपत्र, दोन फोटो, आणि तासाभरात जामीनदाराची पूर्तता झाली. एकाला नातलगाची नोकरी होती, दुसऱ्याला नव्हती. फरक एवढाच.

५:००
आता घड्याळाशी शर्यत. सुटकेचे आदेश कारागृहात वेळेत पोचले नाहीत तर आणखी एक रात्र आत. फोन करून खात्री करून घेते.

६:१५
कारागृहाच्या फाटकातून पोरगा बाहेर येतो. आई त्याच्या तोंडावरून हात फिरवते आणि माझ्याकडे वळते. “ताई, फुडली तारीख कवाची? कागदावर लिहून द्या.” सरकारी वकिलांच्या शंकेला याहून चांगलं उत्तर मला सकाळी देता आलं नव्हतं.

रात्री ९:००
उद्यासाठी वही उघडते. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ च्या याद्या बघायच्यात. पूर्वी कधीच दोषी न ठरलेल्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ कच्चा कैदी म्हणून काढला, तर त्याला सोडायचं असतं. इतरांसाठी ही मर्यादा निम्म्याची. फाशी-जन्मठेपेच्या गुन्ह्यांना आणि ज्याच्यावर एकाहून जास्त खटले चालू आहेत त्याला ही सवलत नाही. साध्या चोरीला कमाल तीन वर्षं, म्हणजे पहिल्या वेळी एक वर्ष. याचा अर्ज कारागृह अधीक्षकांनीच करायचा असतो, तरी मोजणी आपणही ठेवावी.

तुमच्या गावातलं, वस्तीवरचं कुणी आत असेल, तर दोनच गोष्टी करा. पहिल्या रिमांडची तारीख लिहून ठेवा. आणि १५१०० या क्रमांकावर फोन करा. कोठडीतल्या माणसाला मोफत वकील मिळणं हा १९८७ च्या कायद्याने दिलेला हक्क आहे.